अभ्यास आमचा, अहवाल कोणाचा?



या पानावर आपण नेहमी लागवडीच्या नोंदी, तोडीची पाळी, साखर उतारा आणि दर यांविषयी वाचता. आज तेथे व्यवस्थापन शिकविणाऱ्या संस्थांच्या संशोधनाचा विषय पाहून काही जण म्हणतील, "हे काहून जी? याच्यानं माहा ऊस लवकर तुटन काय?" प्रश्न रास्त आहे. किंबहुना हाच प्रश्न आज आम्हाला मांडावयाचा आहे. फक्त तो आपसात न विचारता ज्यांना विचारावयाचा त्यांच्यापुढे जाऊन विचारला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.

नागपुरात काम निघाले की आपल्यापैकी बहुतेकांचे पाय महालाकडे वळतात. गांधीगेटातून आत शिरावे, बडकस चौकाकडे खरेदी उरकावी, कोणाचे सोयरे गल्लीत राहतात त्यांच्याकडे चहा घ्यावा आणि सांजच्या गाडीने परत यावे. याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिहानमध्ये, भारतीय व्यवस्थापन संस्था म्हणजे आय.आय.एम. उभी आहे. ती २०१५ साली व्ही.एन.आय.टी.च्या आवारात सुरू झाली आणि २०२२ च्या मे महिन्यात राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते मिहानमधील तिच्या कायम वास्तूचे उद्घाटन झाले. महाल ते मिहान हे अंतर फार नाही. पण महालात येणाऱ्या ऊस उत्पादकाचे मिहानमध्ये काही काम असू शकेल, असे आपल्या मनातही येत नाही. हा त्या एका संस्थेचा दोष म्हणून आम्ही सांगत नाही. देशभर या शिक्षणाची रीतच तशी पडली आहे, आणि त्या रीतीविषयीच बोलावयाचे आहे.

ती रीत अशी. प्राध्यापकाने अभ्यास करावा, निबंध लिहावा, तो नामांकित नियतकालिकात छापून यावा. नियतकालिक जितके वरच्या प्रतीचे तितका निबंधाचा मान मोठा. पुढे दुसऱ्या किती विद्वानांनी त्या निबंधाचा हवाला दिला, तेही मोजले जाते. केंद्र सरकारने २०१५ साली शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी लावण्याची पद्धत सुरू केली. तीत संशोधनाला मोठा भाग आहे. परंतु मोजले जातात ते मुख्यतः निबंध, हवाले आणि बाहेरून मिळालेली कामे. 'पोहोच' या अर्थाचाही एक रकाना तीत आहे. वाचणाऱ्याला वाटेल, संशोधन लोकांपर्यंत किती पोहोचले ते येथे पाहत असतील. तसे नाही. परराज्यातले विद्यार्थी किती, मुली किती, गरीब घरची मुले किती, अशा गोष्टी त्या रकान्यात येतात. त्या गोष्टी चांगल्याच आहेत. पण ज्याच्या शेतावर, दुकानावर, कारखान्यावर अभ्यास झाला त्याच्या पदरात काय पडले, याला कोठे खाना नाही.

दुसरीकडे याचा विचार झाला आहे. इंग्लंडात विद्यापीठांच्या संशोधनाची काही वर्षांनी सरकारी तपासणी होते आणि तीवरून अनुदान ठरते. २०१४ च्या तपासणीत शंभरपैकी वीस भाग, संशोधनाचा समाजावर काय परिणाम झाला याला ठेवले होते. २०२१ च्या तपासणीत ते पंचवीस झाले. परिणाम झाला असे नुसते म्हणून भागत नाही, तो दाखवून द्यावा लागतो. या पद्धतीवरही टीका होते, कारण परिणाम दाखविण्याची कला ही वेगळीच असते. तथापि प्रश्न विचारला जातो, हे महत्त्वाचे.

आता आपल्या उसाकडे या. बेण्याचे संशोधन आपल्या बांधावर येते, हे कोणी नाकारणार नाही. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आहे. तेथला फुले २६५ हा वाण कागदावर राहिला नाही, वावरात आला. मांजरीची संस्था, जी आज वसंतदादांच्या नावाने ओळखली जाते, ती तर १९७५ साली सहकारी कारखान्यांच्या सभासदांनीच उभी केली. बेणे हातात धरता येते, डोळा फुटला की नाही ते पंधरवड्यात कळते आणि नाही फुटला तर शेतकी खात्याच्या माणसाला आपण चार शब्द सुनावतो. म्हणून तेथे संशोधकाला उत्तर द्यावे लागते. कारखाना कसा चालवावा, दर कसा निघतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च कोठे गळतो, सभासदाचा आवाज कोठे दबतो, याचेही शास्त्र आहे. पण ते हातात धरता येत नाही, म्हणून आपण ते मागत नाही. आणि मागत नाही म्हणून कोणी आणून देत नाही.

असे शास्त्र आपल्या राज्यात कधीच बांधावर आले नाही, असे मात्र नाही. सहकारी साखर कारखानदारीच्या मुळाशीच एक संशोधक उभा आहे. धनंजयराव गाडगीळ यांचे शालेय शिक्षण आपल्या नागपूरचे, पुढचे केंब्रिजचे. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हापासून १९६६ पर्यंत ते तिचे संचालक होते. परदेशात शिकलेल्या या विद्वानाने सुरुवातीला कशाचा अभ्यास करावा? पुण्याच्या बाजारात फळे कशी विकली जातात, याचा. ती पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. मग वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी आली. आणि १९४८ साली गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्रातील पाहणीचा ग्रंथ आला. कालव्याच्या पाण्याने शेतकऱ्याला प्रत्यक्ष काय मिळाले आणि त्या भागाला अप्रत्यक्ष काय मिळाले, याचा हिशेब त्यात मांडला आहे.

त्याच प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग गोळा करीत होते. कालव्याखाली खाजगी साखर कंपन्यांचे कारखाने होते. शेतकऱ्याचा स्वतःचा कारखाना नव्हता. प्रवरा कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले आणि त्याचे पहिले अध्यक्ष होते गाडगीळ. पाहणीमुळे कारखाना झाला असे आम्ही म्हणणार नाही. कारखाना शेतकऱ्याच्या पैशाने आणि विखे पाटलांच्या पायपिटीने झाला. पण कालव्याखालच्या शेतीचा हिशेब ज्याने मांडला, तोच माणूस पुढे त्या शेतकऱ्यांच्या पंक्तीला येऊन बसला, आणि आपल्या विद्येची परीक्षा त्याने त्यांच्यासमोर होऊ दिली. संशोधनाचा समाजावर परिणाम म्हणतात तो हा. आज महाराष्ट्रात जो कोणी सहकारी कारखान्याचा भाग बाळगून आहे, तो या परिणामाचा वारस आहे.

त्याच संस्थेचे दुसरे उदाहरण घ्या. गाडगीळांनंतर वि. म. दांडेकर संचालक झाले. पीक विमा उतरवावयाचा तर प्रत्येक शेतकऱ्याच्या वावराची पाहणी करणे शक्य नाही; सारख्या हवापाण्याचा एक टापू धरावा, त्या टापूचे सरासरी उत्पादन घसरले की तेथल्या सर्व विमाधारकांना भरपाई द्यावी, असा विचार त्यांनी १९७६ च्या सुमारास मांडला. १९७९ साली त्या धर्तीवर प्रायोगिक योजना निघाली, १९८५ साली देशव्यापी योजना आली, आणि २०१६ ची पंतप्रधान पीक विमा योजनाही मुख्यतः त्याच पायावर उभी राहिली. "माहं वावर बुडालं, पण मंडळाची सरासरी बरी निघाली, म्हणून पैसा नाही आला," ही तक्रार आपण गावोगाव ऐकतो. त्या तक्रारीचे मूळही याच विचारात आहे. म्हणजे संशोधनाचा परिणाम गोडच असतो असे नाही. पण तो आपल्या घरापर्यंत येतो, आपण त्यावर भांडू शकतो, त्याची दुरुस्ती मागू शकतो.

आणि 'अनुशेष' हा शब्द? महालात पानठेल्यावर उभ्या असलेल्या कोणालाही विचारा, अर्थ सांगेल. राज्य सरकारने १९८३ साली याच दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने जिल्हावार मोजणी करून १९८४ साली अहवाल दिला. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, असा तो हिशेब होता. त्या आकड्यांवर वाद झाले, पुढे दुसऱ्या समित्या आल्या. पण विदर्भावर अन्याय होतो ही नुसती ओरड होती, तिला आकड्याचे बळ मिळाले. पाटबंधाऱ्यांसाठी भांडणाऱ्याच्या हातात कागद आला. संशोधनातला शब्द बाजारात येऊन माणसांच्या तोंडी बसावा, यापेक्षा मोठी दाद ती कोणती?

ही झाली उजवी बाजू. आता अशा अभ्यासांकडे पाहू, जे आपल्याच कारखानदारीवर झाले आणि आपल्यालाच माहीत नाहीत.

कोपरगावच्या कारखान्यावर बी. एस. बाविस्कर यांनी केलेला अभ्यास १९८० साली इंग्रजीत पुस्तकरूपाने आला. डोनाल्ड अ‍ॅटवूड या परदेशी अभ्यासकाचे पश्चिम महाराष्ट्रातील उसावरचे पुस्तक १९९२ चे. २००१ साली चार अर्थशास्त्रज्ञांचा निबंध अमेरिकेतील एका अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. त्यांपैकी अभिजित बॅनर्जी यांना पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या निबंधाला आधार होता तो महाराष्ट्रातील सुमारे शंभर सहकारी साखर कारखान्यांच्या १९७१ ते १९९३ या काळातील आकड्यांचा. निष्कर्ष साध्या भाषेत असा: जेथे सभासदांमध्ये मोठ्या आणि लहान शेतकऱ्यांची दरी जास्त, तेथे उसाचा दर दबण्याकडे कल असतो, कारण कारभारावर मोठ्यांचा पगडा राहतो आणि दरातून मागे ठेवलेला पैसा त्यांच्या सोयीच्या कामांकडे वळविता येतो. तेथे कारखान्याची गाळप क्षमताही असावी तितकी वाढत नाही.

२०१२ साली संदीप सुखटणकर यांचा निबंध आला, तोही अमेरिकेत. राजकारणी मंडळींच्या ताब्यातील कारखान्यांनी निवडणुकीच्या वर्षात उसाला कमी दर दिल्याचे त्यांना आकड्यांत आढळले. तसेच ती मंडळी निवडून आली तर पुढे दर वाढवून दिल्याच्या खुणाही त्यांना दिसल्या.

वाचकहो, हे वाचून कोणाला राग येईल, कोणी मान डोलावील. आमचा मुद्दा त्याहून निराळा आहे. या अभ्यासांचा कच्चा माल म्हणजे आपल्यासारख्या सभासदांच्या उसाचे दर. आपला ऊस, आपला काटा, आपले बिल. त्यावर जगातले विद्वान चर्चा करतात, वर्गात शिकवितात, पदव्या घेतात. आणि ज्याच्या बिलावर ही चर्चा, त्या तीन एकरवाल्या सभासदाला त्यातले अवाक्षर मराठीत वाचावयास मिळत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल वाचला, मंजूर केला, गोड खाल्ले, संपले. उसाचा रस तिकडे जातो आणि आपल्या वाट्याला चिपाडही येत नाही, असा हा प्रकार आहे.

सरासरीचा निष्कर्ष प्रत्येक कारखान्याला लागू होतो असे नाही, हे उघड आहे. एखाद्या कारखान्याचा कारभार चोख असेल तर त्याने तो आपल्या आकड्यांनिशी दाखवावा. त्यासाठी तरी असे निबंध सभेत वाचले गेले पाहिजेत. आणि जे कानाला कडू लागेल तेही ऐकले पाहिजे. नीलकंठ रथ आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८९ साली पाण्याच्या तुटवड्याच्या प्रदेशातील सिंचनाचा हिशेब मांडला. उसाला लागणारे पाणी हंगामी पिकांना वाटले तर कितीतरी अधिक शेतकऱ्यांचे रान भिजेल, असा त्यांचा रोख होता. ऊस उत्पादकाला हे रुचणार नाही. पण शेजारचा कोरडवाहू शेतकरी आपला भाऊच आहे. संशोधन हे आपल्या बाजूने साक्ष देण्यासाठी भाड्याने आणलेले नसते. ते आपल्यासमोर यावे, एवढाच आपला हक्क.

प्राध्यापक मंडळी म्हणतील की, विद्येचा उपयोग ताबडतोब मागू नये. आज निरुपयोगी वाटणारे उद्या कामी येते. मान्य. उसालाही बारा-चौदा महिने द्यावेच लागतात. पण लागवड झाल्यावर नोंद तरी होते, चिटबॉय येऊन पाहून तरी जातो. अभ्यास झाल्यावर त्याची एक मराठी प्रत गावात यावी, ही घाई नव्हे. काही सभासद म्हणतील, "हे लोक येतात, विचारपूस करतात, फोटो काढतात, पुन्हा तोंड दाखवत नाहीत." हेही खरे, म्हणून येतानाच अट घालावी. आणि काही संचालक मंडळी म्हणतील, बाहेरच्याला दप्तर दाखविले तर उद्या वर्तमानपत्रात काय येईल? त्यांना आमचे सांगणे असे की, कारखाना सभासदांच्या मालकीचा आहे. मालकापासून झाकावे असे त्यात काही नसेल तर विद्यार्थ्यापासून झाकण्याचे कारण नाही.

प्रश्नांना तर आपल्याकडे तोटा नाही. विदर्भातील कित्येक सहकारी साखर कारखाने बंद पडले, काही विकले गेले. ऊस नव्हता म्हणून कारखाने बुडाले, की कारखान्यांचा भरवसा नव्हता म्हणून शेतकऱ्याने ऊस लावला नाही? दोन्ही बाजूंनी भाषणे पुष्कळ झाली. गावनिहाय, हंगामनिहाय आकडे मांडून याचे उत्तर द्यावे, हे व्यवस्थापन संस्थेला शोभेल असे काम आहे. दुसरा प्रश्न दराचा. २०१८-१९ च्या हंगामात रास्त व किफायतशीर दर टनाला २,७५० रुपये होता, तो २०२५-२६ साठी ३,५५० झाला. मधल्या काळात त्यासाठी धरावयाचा मूळ उतारा दहावरून सव्वादहा टक्के झाला. साखरेचा किमान विक्री दर मात्र २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढे कित्येक वर्षे तेथेच राहिला. या दोन पात्यांच्या मध्ये लहान कारखान्याने कसे तगावे? इथेनॉल, वीज, मळी यांचा हिशेब सभासदाला कळेल असा कसा मांडावा? तिसरा प्रश्न तोडणीचा. टोळी, मुकादम, उचल, यंत्राने तोड, यांचा खर्च कोणावर पडतो? आणि ज्या मजूर बाया पहाटेच्या थंडीत फडात उतरतात त्यांच्या वाट्याला काय येते? हा प्रश्नही त्यांच्या तोंडून ऐकून घेतल्याशिवाय पुरा होणार नाही.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठराव यावा, असे आम्ही सुचवितो. त्यात तीन गोष्टी असाव्यात. पहिली: आपल्या प्रत्येक गटातून सभासदांनी एकेक प्रश्न लेखी द्यावा आणि त्यांतून निवडलेले प्रश्न घेऊन कारखान्याने नागपुरातील व्यवस्थापन संस्थांकडे, विद्यापीठाकडे रीतसर पत्र पाठवावे. आपल्याकडून बोलावणे गेल्याशिवाय कोणी येत नाही, लग्न असो की अभ्यास. दुसरी: जो अभ्यासक येईल त्याला गेल्या हंगामांचे गाळप, उतारा, दर, तोडणी-वाहतूक खर्च यांचे आकडे कारखान्याने उपलब्ध करून द्यावेत, कोणा एका सभासदाचे नाव मात्र उघड होऊ नये. तिसरी आणि मुख्य: अभ्यास पुरा झाल्यावर अभ्यासकाने निदान दोन गटांच्या सभेत येऊन तो मराठीत सांगावा, प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि त्याचा सारांश या वार्तापत्रासाठी द्यावा. बरा असो की वाईट, तो येथे जसाच्या तसा छापला जावा.

याला खर्च फारसा नाही. लागते ती इच्छा, आणि थोडे धैर्य. लोणीच्या शेतकऱ्यांनी एका अर्थशास्त्रज्ञाला आपला अध्यक्ष केले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. आज आपल्या घराघरात शिकलेली पोरे आहेत. काही जणांची मुले व्यवस्थापनाच्या पदव्या घेऊन पुण्या-मुंबईला गेली आहेत. त्यांनी शिकलेल्या विद्येला आपल्या काट्यावर एकदा वजन करू द्या. भरली तर मान देऊ, कमी भरली तर तेही तोंडावर सांगू.

सभासदांनी आपले प्रश्न आपल्या गट कार्यालयात सभेपूर्वी लेखी आणून द्यावेत. ज्यांना लिहिणे जमत नसेल त्यांनी तोंडी सांगावे, लिहून घेण्यास सांगण्यात येईल.